कमी बजेटमध्ये घरी गेमिंग पीसी असेंबल करताना पार्ट कसे निवडायचे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पार्ट निवडताना लोक अडकतात त्या जागा बहुतेक ठरलेल्याच असतात, म्हणून सारखे येणारे प्रश्न इथे एकत्र केलेत. सोप्यापासून सुरुवात आहे, पुढे पुढे किचकट होत जातात. एखादा मुद्दा दुसऱ्या प्रश्नात सविस्तर आला असेल तर तिथला नंबर दिलाय. आणि एक गोष्ट आधीच सांगतो, बजेट कमी असताना महाग पार्ट घेतल्यामुळे जेवढे पैसे वाया जात नाहीत तेवढे पार्टचं नाव अर्धवट वाचल्यामुळे जातात, त्यामुळे खाली बऱ्याच ठिकाणी मी नावाच्या शेवटच्या अक्षरापर्यंत गेलोय, कंटाळा न करता वाचा.

१. पहिल्यांदाच असेंबल करतोय, नक्की काय काय लागतं?

प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, ग्राफिक्स कार्ड, एसएमपीएस म्हणजे पॉवर सप्लाय, आणि हे सगळं बसवायला कॅबिनेट. प्रोसेसरवर कूलर लागतो, बऱ्याच स्वस्त प्रोसेसरच्या बॉक्समध्ये तो येतो पण ट्रेमधला म्हणजे बिनबॉक्सचा प्रोसेसर घेतलात तर वेगळा घ्यावा लागेल. मॉनिटर, कीबोर्ड, माउस, हेडफोन यांचे पैसे लोक हिशोबात धरतच नाहीत आणि मग शेवटी ग्राफिक्स कार्डातून कापतात. वायफाय लागणार असेल तर तेही बघा, स्वस्त मदरबोर्डमध्ये ते सहसा नसतं. हत्यार म्हणाल तर एक बरा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर पुरतो.

२. सुरुवात कुठल्या पार्टपासून करायची? आधी प्रोसेसर ठरवू का?

नाही, आधी मॉनिटर आणि गेम ठरवा. १०८० पी ला खेळायचंय की १४४० पी ला (म्हणजे स्क्रीनचं रिझोल्यूशन), ६० हर्ट्झवर (स्क्रीन सेकंदाला किती वेळा बदलते) समाधान आहे की १४४ हवेत, आणि दिवसातला जास्त वेळ कुठल्या गेममध्ये जाणार आहे. व्हॅलोरंट किंवा काउंटर स्ट्राइक २ सारख्या गेममध्ये फ्रेम (सेकंदाला दिसणारी चित्रं, म्हणजे एफपीएस) प्रोसेसर ओढतो, तिथे साधं कार्डसुद्धा १०८० पी ला चालून जातं. सायबरपंक २०७७ सारख्या गेममध्ये सगळा भार कार्डावर येतो. म्हणजे एकाच बजेटमध्ये दोन जणांचे पीसी वेगळे निघू शकतात आणि दोघेही बरोबर असतात. दुसऱ्याची पार्टलिस्ट जशीच्या तशी उचलायच्या आधी तो काय खेळतो ते विचारा.

३. बजेटमधला किती हिस्सा कशाला द्यायचा?

मॉनिटर वगैरे सोडून फक्त डब्याचा खर्च धरला तर साधारण ३५ ते ४५ टक्के ग्राफिक्स कार्डाला, १५ ते २० टक्के प्रोसेसरला आणि उरलेल्यात बाकी सगळं. हे आकडे काही दगडावरची रेघ नाहीत. २०२५ च्या शेवटी शेवटी रॅमचे भाव जगभर चढले कारण मेमरी बनवणाऱ्या कंपन्यांचा माल एआयच्या डेटा सेंटरकडे वळला, अशा वेळी रॅमचा हिस्सा आपोआप वाढतो आणि बाकीचं गणित परत मांडावं लागतं. कापायचंच असेल तर या क्रमाने कापा: आधी आरजीबी लाइट आणि काचेचं कॅबिनेट, मग महाग कूलर, मग मदरबोर्डचे जास्तीचे फीचर. एसएमपीएस कापू नका, का ते प्रश्न १७ मध्ये आहे.

४. कमी बजेटमध्ये ग्राफिक्स कार्ड कुठलं घ्यावं?

१०८० पी साठी एएमडीचं आरएक्स ६६०० हे बरीच वर्षं माझं पहिलं उत्तर राहिलंय, ८ जीबी मेमरी, १३२ वॅटचं कार्ड, एकच ८ पिनची केबल, आणि ठीकठाक एसएमपीएसवर आरामात चालतं. थोडं वर जाता आलं तर आरएक्स ७६०० किंवा आरटीएक्स ४०६०. ४०६० फक्त ११५ वॅट खातं आणि त्यात डीएलएसएस (कमी रिझोल्यूशनचं चित्र एआयने मोठं करून फ्रेम वाढवणारं एनव्हिडियाचं तंत्र) मिळतं, ७६०० ला १६५ वॅट लागतात पण बऱ्याचदा ते स्वस्त पडतं. त्याच्या पुढची पिढी म्हणजे आरटीएक्स ५०६० आणि आरएक्स ९०६० एक्सटी, दोन्ही २०२५ मध्ये आली, बजेट तिथपर्यंत ताणता आलं तर ९०६० एक्सटीचं १६ जीबीचं मॉडेल जास्त वर्षं टिकेल असं माझं मत.

इंटेलचं आर्क बी५८० पण चांगलंय, १२ जीबी मेमरी आहे, पण त्याला दोन अटी आहेत. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) रीसाइझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सेटिंग) चालू हवा, तो नसेल तर आर्क कार्डांचा परफॉर्मन्स खूप पडतो. आणि हे कार्ड प्रोसेसरकडून जास्त काम मागतं, त्यामुळे रायझन ५ ५६०० सारख्या प्रोसेसरसोबतसुद्धा काही गेममध्ये रिव्ह्यूत दिसतात तेवढे फ्रेम येत नाहीत, कारण रिव्ह्यू करणारे सगळ्यात तगडा प्रोसेसर लावून टेस्ट करतात. जुन्या पीसीत टाकायला म्हणून बी५८० मी सुचवत नाही.

५. ८ जीबी व्हीरॅम (ग्राफिक्स कार्डाची मेमरी) पुरेल का? सगळे म्हणतात की आता १२ तरी हवीच.

१०८० पी ला टेक्श्चर (भिंती, जमीन यांच्या पृष्ठभागाचं चित्र) सेटिंग मीडियम किंवा हाय ठेवायची तयारी असेल तर पुरते. अल्ट्रावर किंवा १४४० पी ला रे ट्रेसिंग (प्रकाश आणि सावल्या खऱ्यासारख्या दाखवणं) लावून खेळायचं असेल तर आताच्या काही गेममध्ये कमी पडते. कमी पडली की काय होतं ते ओळखायला शिका: सरासरी एफपीएस बरा दिसतो पण कॅमेरा फिरवला की झटका बसतो, किंवा भिंतीवरचं टेक्श्चर धुरकट राहतं आणि दोन सेकंदांनी साफ होतं. असं झालं तर पहिले टेक्श्चर एक पायरी खाली आणा, बाकी सेटिंगला हात लावायची गरज पडत नाही. आज नवीन कार्ड घेताना ४ जीबीचं मात्र घेऊ नका, ६ जीबी पण फक्त नाइलाज असेल तर.

६. एकाच नावाची दोन कार्डं आहेत, किमतीत बराच फरक आहे, स्वस्तातलं घेऊ का?

थांबा. नाव सारखं असलं तरी कार्ड सारखं असेलच असं नाही, आणि कमी बजेटवाल्यांना सगळ्यात जास्त फटका इथेच बसतो.

आरटीएक्स ३०५० चंच घ्या. ८ जीबीचं मॉडेल आणि २०२४ मध्ये आलेलं ६ जीबीचं मॉडेल यात फक्त मेमरीचा फरक आहे असं वाटतं, पण ६ जीबीवाल्यात कोर २५६० वरून २३०४ वर आणलेत आणि मेमरी बस (चिप आणि मेमरी यांच्यातला रस्ता) १२८ बिटवरून ९६ बिटवर, म्हणजे ते हळू चालणारं वेगळंच कार्ड आहे. आरटीएक्स ३०६० चं पण तेच, १२ जीबीवाल्याला १९२ बिटची बस आहे, ८ जीबीवाल्याला १२८ ची. जीटी १०३० मध्ये डीडीआर४ आणि जीडीडीआर५ असे दोन प्रकार आहेत, डीडीआर४ वाल्याचा मेमरी स्पीड जवळपास एक तृतीयांश. आरएक्स ५८० च्या नावापुढे २०४८ एसपी लिहिलं असेल तर ते पूर्ण ५८० नाही.

आरएक्स ६५०० एक्सटीबद्दल वेगळं सांगतो. ४ जीबी मेमरी, पीसीआय एक्सप्रेसच्या (कार्ड आणि बोर्ड यांच्यातल्या रस्त्याच्या) फक्त ४ लेन, आणि व्हिडिओ एन्कोड करायचं हार्डवेअरच नाही, त्यामुळे गेमप्ले रेकॉर्ड करताना सगळा भार प्रोसेसरवर जातो. बॉक्सवर नाव मोठ्या अक्षरात असतं, मेमरी किती जीबी आणि बस किती बिटची हे बारीक अक्षरात, ते वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

७. प्रोसेसर कोणता? जास्त कोरचा घेतला तर गेम जास्त चालेल ना?

६ कोर १२ थ्रेड (एकाच वेळी १२ कामं हाताळणारा प्रोसेसर) ही बजेट गेमिंगसाठी योग्य जागा आहे. त्यावर कोर वाढवून गेमला फारसा फायदा होत नाही, व्हिडिओ एडिटिंग किंवा रेंडरिंग करत असाल तर होतो. एएम४ वर (एएमडीचं जुनं सॉकेट, म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा; एएम५ हे नवीन) रायझन ५ ५६००, इंटेलकडे कोअर आय५ १२४००एफ, एएम५ वर रायझन ५ ७५००एफ किंवा ७६००, यापैकी जो तुमच्याकडे मदरबोर्ड आणि रॅमसकट स्वस्त पडेल तो. एकट्या प्रोसेसरची किंमत बघून ठरवू नका, तिघांची बेरीज करा. बजेट फारच कमी असेल तर ४ कोर ८ थ्रेडचा आय३ १२१००एफ अजून चालतो, पण गेमसोबत मागे ब्राउझर आणि डिस्कॉर्ड उघडं असलं की दम लागलेला जाणवतो.

८. रायझन ५५००, ५६००, ५६००जी, ५७०० यात गोंधळ झालाय, मोठा नंबर म्हणजे चांगला ना?

नाही, आणि हा प्रश्न जवळजवळ रोज येतो. ५६०० मध्ये ३२ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी) आहे आणि पीसीआय एक्सप्रेस ४.० आहे. ५५०० आणि ५६००जी यांच्यात १६ एमबी कॅश आणि ३.० आहे, कारण ते लॅपटॉपसाठी बनवलेल्या चिपवरून आलेत. साधा ५७००, म्हणजे पुढे एक्स नसलेला, त्यात ८ कोर असले तरी तोही त्याच १६ एमबीवाल्या जातीचा. गेमला कॅश फार आवडते, त्यामुळे बऱ्याच गेममध्ये ५६०० हा ५७०० च्या पुढे जातो. ५७००एक्स वेगळा, त्यात ३२ एमबी आहे. आणि नावात एक्स३डी असेल तर त्यात ९६ एमबी असते, एएम४ वर ५८००एक्स३डी आणि ५७००एक्स३डी असे दोन प्रसिद्ध आहेत, चालू एएम४ पीसी अजून काही वर्षं ओढायला सेकंड हँड मिळाला तर उत्तम.

९. इंटेलच्या नावामागे एफ म्हणजे काय? आणि १३व्या १४व्या पिढीचे प्रोसेसर जळतात हे खरं का?

एफ म्हणजे आतलं ग्राफिक्स बंद. वेगळं कार्ड लावणारच असाल तर एफ घ्या, थोडे पैसे वाचतात. तोटा एवढाच की कार्ड बिघडलं तर स्क्रीनवर काहीच येणार नाही, चेक करायला दुसरं कार्ड आणावं लागतं.

१३व्या आणि १४व्या पिढीचं प्रकरण खरं आहे, प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागायचा आणि हळूहळू खराब व्हायचा, गेम मधेच बंद पडायला लागायचे. इंटेलने २०२४ मध्ये मायक्रोकोडचे (प्रोसेसरच्या आतल्या सॉफ्टवेअरचे) अपडेट काढले आणि त्या प्रोसेसरची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. जास्त त्रास वरच्या आय७ आणि आय९ ना झाला. नवीन घेत असाल तर पहिल्यांदा सुरू केल्यावर लगेच बायोस अपडेट करा. त्यातले वरचे मॉडेल सेकंड हँड घेणं मात्र टाळा, अपडेट पुढचं नुकसान थांबवतं पण आधी झालेलं भरून काढत नाही, आणि ते नुकसान बाहेरून दिसत नाही. १२व्या पिढीला हा त्रास नाही.

१०. आत्ता ग्राफिक्स कार्डाला पैसे नाहीत, सहा महिन्यांनी घेतो, तोपर्यंत चालेल असं काही?

चालेल. आतलं ग्राफिक्स चांगलं असलेला प्रोसेसर घ्यायचा, म्हणजे रायझनच्या मागे जी असलेला. ५६००जी वर हलके गेम कमी सेटिंगला चालतात, एएम५ वरचा ८६००जी त्यापेक्षा बराच पुढे आहे. यात रॅम दोन स्टिकमध्ये घेणं सक्तीचं समजा, कारण आतलं ग्राफिक्स तीच रॅम वापरतं, एका स्टिकवर फ्रेम खूप पडतात (प्रश्न १४).

पण पुढे कार्ड लावायचं नक्की असेल तर ८५००जी घेऊ नका. त्यात कार्डासाठी फक्त ४ लेन मिळतात, म्हणजे नंतर आणलेलं कार्ड कायम अडकलेलं राहणार. खरं सांगायचं तर कार्ड महिना दोन महिन्यांत येणारच असेल तर साधा ७६०० घ्या, त्याच्या आतल्या ग्राफिक्सवर गेम चालणार नाहीत पण डिस्प्ले येतो, बाकी कामं होतात, आणि पुढे पश्चात्ताप होत नाही.

११. बॉटलनेक (एका पार्टमुळे दुसरा अडकणं) कॅल्क्युलेटरने २३ टक्के दाखवलं, काय करू?

ती वेबसाइट बंद करा. कुठला गेम, कुठलं रिझोल्यूशन, कुठली सेटिंग हे धरल्याशिवाय असा एक आकडा काढता येतच नाही. खरं तपासायचं तर गेम चालू असताना कार्डाचा वापर बघा. ९५ टक्क्यांच्या वर असेल तर कार्ड पूर्ण काम करतंय, सगळं बरोबर आहे. ६०-७० टक्क्यांवर रेंगाळत असेल आणि तुम्ही एफपीएसची मर्यादा लावलेली नसेल तर प्रोसेसर किंवा रॅम मागे पडतेय. तेव्हा सुद्धा आधी रॅमचा स्पीड तपासा (प्रश्न १५), नवीन प्रोसेसर आणायची घाई नको.

१२. एएम४ आता जुनं झालं, मग एएम५ च घ्यावं का?

एएम४ २०१७ मध्ये पहिल्या रायझनसोबत लोकांपर्यंत आलं, एएम५ २०२२ मध्ये. एएम५ ला फक्त डीडीआर५ रॅम चालते. एएमडीने एएम५ ला किमान २०२७ पर्यंत सपोर्ट सांगितलाय, म्हणजे आज स्वस्त प्रोसेसर टाकून तीन वर्षांनी त्याच बोर्डावर चांगला टाकता येईल. तुम्ही खरोखर अपग्रेड करणारे असाल तर एएम५. एकदा घेतला की पाच वर्षं डबा उघडणार नाही असा स्वभाव असेल, किंवा घरात डीडीआर४ रॅम पडलेली असेल, तर एएम४ घेऊन वाचलेले पैसे कार्डात टाका, फ्रेम त्यात जास्त मिळतील. इंटेलच्या एलजीए १७०० वर डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्हीचे बोर्ड आहेत पण एका बोर्डावर एकच प्रकार, खाचेची जागा वेगळी असते, जबरदस्ती करून बसवायला जाऊ नका. शिवाय त्या सॉकेटला पुढे नवीन पिढी नाही.

१३. मदरबोर्ड सगळ्यात स्वस्त घेतला तर काय बिघडतं? आणि माझा प्रोसेसर त्यावर चालेल का?

एफपीएस मध्ये थेट काही बिघडत नाही, म्हणून इथे पैसे वाचवा, फक्त काय सोडताय ते माहीत असू द्या. एएम४ च्या ए५२० चिपसेटच्या बोर्डावर पीसीआय एक्सप्रेस ३.० च मिळतं आणि प्रोसेसर ओव्हरक्लॉक (ठरलेल्यापेक्षा जास्त स्पीडवर चालवणं) होत नाही, बी५५० वर कार्डाला आणि एका एम.२ (एसएसडीच्या) स्लॉटला ४.० मिळतं. इंटेलच्या एच६१० वर रॅमचे दोनच स्लॉट आणि रॅम ओव्हरक्लॉक बंद. ६ कोरच्या ६५ वॅटवाल्या प्रोसेसरला हे सगळे बोर्ड पुरतात. ८ किंवा जास्त कोरचा टाकणार असाल तर प्रोसेसरच्या बाजूच्या व्हीआरएमवर (प्रोसेसरला वीज पुरवणारा भाग) हीटसिंक आहे का बघा, उघडं व्हीआरएम तापलं की प्रोसेसर स्वतःचा स्पीड कमी करतो.

सॉकेट जुळलं म्हणजे प्रोसेसर चालेल असं नाही. बी४५० बोर्ड रायझन ५००० चालवतो पण बायोस नवीन हवा, आणि जुनं बायोस असलेल्या बोर्डावर नवीन प्रोसेसर लावला तर अपडेट करण्याइतपत पण डिस्प्ले येत नाही. कंपनीच्या वेबसाइटवर त्या बोर्डाची प्रोसेसर यादी असते, त्यात तुमच्या प्रोसेसरसमोर बायोस व्हर्जन लिहिलेलं असतं, ते बघूनच ऑर्डर करा. बायोस फ्लॅशबॅकचं बटण असलेला बोर्ड असेल तर पेन ड्राइव्हवरून प्रोसेसर न लावताच अपडेट होतं.

१४. रॅम ८ की १६, आणि एक स्टिक घेऊ की दोन?

१६ जीबी, ८-८ च्या दोन स्टिक. भाव परवडत असेल तर ३२, पण त्यासाठी कार्ड खालचं घेऊ नका. दोन स्टिक लावल्या की ड्युअल चॅनल होतं, मेमरीचा रस्ता दुप्पट रुंद होतो. "आत्ता एक, नंतर एक" करणाऱ्यांना बऱ्याचदा नंतर तीच स्टिक मिळत नाही, आणि वेगवेगळ्या स्टिक एकत्र चालतीलच याची हमी नसते.

चार स्लॉटचा बोर्ड असेल तर प्रोसेसरकडून मोजत दुसरा आणि चौथा स्लॉट वापरा, मॅन्युअलमध्ये ए२ आणि बी२ लिहिलेलं असतं. डीडीआर४ घ्यायची तर ३२०० सीएल१६ (सीएल म्हणजे रॅमला उत्तर द्यायला लागणारा वेळ, कमी तितका चांगला), एएम५ साठी डीडीआर५ ची ६००० सीएल३० चांगली, सीएल३६ स्वस्त मिळाली तर तीही चालेल. एएम५ वर चार स्टिक लावू नका, स्पीड खूप खाली येतो.

१५. ३२०० ची रॅम घेतली पण टास्क मॅनेजरमध्ये २१३३ दाखवतंय, फसवलं का?

फसवलं नाही, बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी चालू करा, एएम५ वर त्याला एक्सपो म्हणतात. रॅम आपोआप कमी स्पीडवर सुरू होते, लिहिलेला स्पीड चालू करावा लागतो. कित्येक जण वर्षानुवर्षं असंच वापरतात. बायोस अपडेट केल्यावर ही सेटिंग उडते, तेव्हा परत बघा.

१६. एसएसडी कुठली? ७००० एमबीवाली घेतली तर गेम पटकन उघडतील?

साटा (जुन्या जोडणीची) एसएसडी सेकंदाला साधारण ५५० एमबी वाचते, पीसीआय एक्सप्रेस ३.० ची एनव्हीएमई (नवीन, वेगवान जोडणीची) ३५०० च्या आसपास, ४.० ची ७००० पर्यंत. पण गेम लोड होण्यात या दोन एनव्हीएमईंमध्ये सहसा एखाद-दोन सेकंदाचाच फरक पडतो. वेगापेक्षा जागा बघा, आता एकेक गेम १०० जीबीच्या वर जातो म्हणून १ टीबी घ्या. एम.२ हा फक्त आकार आहे, त्या आकारात साटा पण येते, तेव्हा नावात एनव्हीएमई आहे ना ते वाचा. काही बोर्डांवर एम.२ स्लॉट वापरला की साटाचे एक-दोन पोर्ट बंद होतात, जुनी हार्ड डिस्क अचानक दिसेनाशी झाली तर कारण हेच असू शकतं.

१७. एसएमपीएस किती वॅटचा? कॅबिनेटसोबत ५०० वॅटचा फुकट मिळतोय.

तो फुकटचा घेऊ नका. स्टिकरवर ५०० लिहिलेलं असतं पण आत १२ व्होल्टच्या लाइनवर किती मिळतं ते बघा, कार्ड आणि प्रोसेसर दोघेही तिथूनच पॉवर घेतात. स्टिकरवर एक तक्ता असतो, त्यात १२ व्होल्टखाली अँपिअर लिहिलेले असतात, त्यांना १२ ने गुणा. ३० अँपिअर असतील तर ३६० वॅट, बस, तेवढाच तुमचा खरा एसएमपीएस. चांगल्या कंपनीच्या ५५० वॅटवाल्यात हा गुणाकार ५५० च्या जवळ येतो.

आरएक्स ६६०० आणि ६ कोर प्रोसेसरला मिळून सव्वादोनशे वॅटच्या आसपास लागतात, बाकीचं धरून पावणेतीनशे. तरी ५०० ते ५५० घ्या, कारण कार्ड क्षणभरासाठी बरंच जास्त ओढतं आणि स्वस्त एसएमपीएस तेव्हाच बंद पडतो. या एका पार्टमधून सगळ्यांना वीज जाते, तो वाईट पद्धतीने गेला तर सोबत बोर्ड आणि कार्ड घेऊन जातो.

१८. ८० प्लस गोल्ड आहे म्हणजे चांगलाच ना? आणि जुन्या एसएमपीएसच्या केबल वापरू का?

८० प्लस फक्त वीज किती वाया जाते ते सांगतं. आतले भाग कसे आहेत, शॉर्ट झालं तर बंद होईल का, हे सांगत नाही. ब्राँझ असला तरी वॉरंटी पाच वर्षांची आणि रिव्ह्यू चांगले असतील तर तो अनोळखी गोल्डपेक्षा बरा.

केबलच्या बाबतीत कडक नियम: मॉड्युलर (केबल सुट्या होणाऱ्या) एसएमपीएसच्या केबल दुसऱ्या कंपनीच्या एसएमपीएसला लावायच्या नाहीत, कनेक्टर बसतो पण आतली पिनांची मांडणी वेगळी असते, एसएसडी आणि हार्ड डिस्क क्षणात जळतात. प्रोसेसरची ८ पिन आणि कार्डाची ८ पिन पण वेगळी आहे. हातात धरून बघितलं तर प्रोसेसरवाली ४ अधिक ४ अशी तुटते आणि कार्डवाली ६ अधिक २ अशी. जोर लावावा लागतोय असं वाटलं की थांबा आणि केबलवर छापलेलं वाचा.

१९. कॅबिनेट आणि कूलरवर किती लक्ष द्यायचं?

कॅबिनेटला पुढून जाळी हवी आणि निदान दोन फॅन, एक पुढे आत हवा घेणारा, एक मागे बाहेर फेकणारा. पुढून काच असलेलं दिसायला छान पण कार्डाला हवा मिळत नाही. कार्डाची लांबी आणि कॅबिनेटमध्ये बसणारी लांबी मिलिमीटरमध्ये जुळवून घ्या. ६५ वॅटच्या प्रोसेसरला सोबत आलेला कूलर पुरतो, आवाज होतो इतकंच. वेगळा कूलर आणलात तर त्याच्या तळाची प्लास्टिकची फिल्म काढा, ती तशीच ठेवून प्रोसेसर ९५ डिग्रीला गेल्याचे मेसेज नेहमी येतात.

२०. सेकंड हँड कार्ड घेणं सुरक्षित आहे का? मायनिंगचं (क्रिप्टो कॉइन काढायला वापरलेलं) असलं तर?

कमी बजेटमध्ये सगळ्यात जास्त फायदा इथेच आहे, पण समोर चालवून बघितल्याशिवाय नाही. मायनिंगचं कार्ड वाईटच असतं असं नाही, फॅन आणि थर्मल पॅड झिजलेले असतात, ते बदलता येतात. समोर जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडा, नाव, मेमरी आणि कोर त्या मॉडेलच्या आकड्यांशी जुळवा. जुन्या कार्डाचं बायोस बदलून त्याला जीटीएक्स १०५० टीआय म्हणून विकण्याचा धंदा बराच चालला, जीपीयू-झेड अशा बऱ्याच कार्डांच्या नावापुढे फेक असं दाखवतं. मग १५-२० मिनिटं एखादा जड गेम किंवा फरमार्क (कार्डावर ताण देऊन तपासणारं सॉफ्टवेअर) चालवा, स्क्रीनवर ठिपके किंवा रेघा येतात का, फॅन खरखरतात का ते बघा, सगळे डिस्प्ले पोर्ट एकेक करून तपासा.

जीटीएक्स ९०० आणि १० सिरीजला एनव्हिडियाने ऑक्टोबर २०२५ नंतर नवीन गेमसाठीचे ड्रायव्हर बंद केलेत, फक्त सुरक्षेचे अपडेट येणार, त्यामुळे १०६० कितीही स्वस्त असली तरी आता नको. शिवाय काही नवीन गेमना रे ट्रेसिंगचं हार्डवेअर लागतंच, २०२५ मधला डूम द डार्क एजेस जीटीएक्स १६६० वर पण सुरू होत नाही.

एसएमपीएस सेकंड हँड घेऊ नका. प्रोसेसर आणि रॅम बिनधास्त घ्या, फक्त प्रोसेसरच्या बाबतीत प्रश्न ९ लक्षात ठेवा आणि एएम४ च्या पिना वाकलेल्या नाहीत ना ते उजेडात तिरकं धरून बघा.

२१. ऑफिसमधला जुना कंपनीचा पीसी स्वस्तात मिळतोय, त्यात कार्ड टाकून गेमिंग होईल?

होईल, पण आधी तीन गोष्टी उघडून बघा. एसएमपीएसचा कनेक्टर बऱ्याचदा त्या कंपनीचाच खास असतो, म्हणजे बाजारातला एसएमपीएस बसत नाही. कार्डाला वेगळी केबल नसते, म्हणून स्लॉटमधून मिळणाऱ्या ७५ वॅटवर चालणारं कार्डच लागतं. आणि बारीक डबा असेल तर लो प्रोफाइल (कमी उंचीचं) कार्ड हवं. अशा डब्यासाठी आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीचं मॉडेल, ज्याला प्रश्न ६ मध्ये नाही म्हटलं, तेच बरोबर आहे, कारण ते ७० वॅटचं आहे, वेगळी पॉवर केबल न लागणारी आणि लो प्रोफाइलवाली मॉडेल त्यात मिळतात. केबल आहे का ते मात्र मॉडेलनुसार तपासा.

२२. माझा बोर्ड पीसीआय एक्सप्रेस ३.० चा आहे, नवीन कार्ड लावलं तर नुकसान किती?

१६ लेनच्या कार्डाला जाणवण्यासारखं नाही. अडचण आहे ती ८ लेनवाल्या कार्डांची, आणि आरएक्स ६६००, आरटीएक्स ४०६०, ५०६० ही सगळी ८ लेनची आहेत. ३.० वर त्यांचा रस्ता अरुंद होतो. मेमरीत सगळं मावतंय तोवर काही टक्क्यांचाच फरक पडतो, पण ८ जीबी भरली की जास्तीचा डेटा त्याच रस्त्याने रॅममधून येतो आणि झटके वाढतात. उपाय प्रश्न ५ मधलाच, टेक्श्चर खाली आणा. ४ लेनवालं ६५०० एक्सटी मात्र ३.० च्या बोर्डावर अजिबात लावू नका.

२३. विंडोज १० ठेवू की ११? लिनक्स चालेल का?

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं, आणि प्रोसेसर साधारण इंटेलची ८वी पिढी किंवा रायझन २०००, किंवा त्यापुढचा. टीपीएम बायोसमध्ये बंद असू शकतं, एएमडीवर एफटीपीएम आणि इंटेलवर पीटीटी या नावाने शोधा. व्हॅलोरंट तर विंडोज ११ वर टीपीएम आणि सिक्युअर बूट दोन्ही चालू असल्याशिवाय उघडत नाही. लिनक्सवर एकट्याने खेळायचे बरेच गेम छान चालतात, पण व्हॅलोरंट, फोर्टनाइट आणि एपेक्स लेजंड्स अँटी-चीटमुळे (गेममधली फसवणूक रोखणारं सॉफ्टवेअर) चालत नाहीत. तुमचा मुख्य गेम यात असेल तर विंडोजच.

२४. सगळं जोडलं, फॅन फिरतात पण स्क्रीन काळी. कुठला पार्ट खराब?

बहुतेक वेळा एकही नाही. एएम५ आणि डीडीआर५ असेल तर पहिल्यांदा सुरू करताना बोर्ड रॅमची जुळवाजुळव करतो आणि त्यात काही मिनिटं स्क्रीन काळीच राहते, दहा मिनिटं हात लावू नका, मधेच बंद केलं तर सगळं परत पहिल्यापासून. मग मॉनिटरची केबल बघा, ती ग्राफिक्स कार्डात हवी, मदरबोर्डच्या पोर्टमध्ये नाही. प्रोसेसरची ८ पिनची केबल लावायची राहिली का ते बघा, ती बोर्डाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात असते आणि कूलरमागे लपते. त्यानंतर रॅम काढून एकच स्टिक ए२ मध्ये टक आवाज येईपर्यंत दाबून बसवा. बोर्डावर बारीक चार एलईडी असतील तर कुठला पेटतोय त्यावरून प्रोसेसर, रॅम, कार्ड की डिस्क ते कळतं.

यातलं काहीच नाही झालं आणि एएम४ चा प्रोसेसर काढून बघायची वेळ आली, तर कूलर सरळ वर ओढू नका. पेस्ट घट्ट धरते आणि प्रोसेसर लॉक असतानाच सॉकेटमधून उपटून येतो, पिना वाकतात. स्क्रू किंवा क्लिप सोडवा, कूलर डावीकडे उजवीकडे हळूहळू फिरवत राहा, सुटल्याचं हाताला कळतं, मग उचला. पीसी आधी चालू होत असेल तर पाच मिनिटं चालवून, बंद करून, वायर काढून मग हे करा, पेस्ट गरम असताना लवकर सुटते.

२५. १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेतला पण ६० वाटतोय?

विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये अॅडव्हान्स्डमध्ये जाऊन रिफ्रेश रेट स्वतः १४४ करा, बऱ्याचदा तो ६० वरच राहतो. यादीत १४४ दिसतच नसेल तर केबल बदला, शक्यतो डिस्प्लेपोर्टची लावा. केबल बदलूनही दिसत नसेल तर मॉनिटरच्या मेनूमध्ये ओव्हरक्लॉक किंवा डिस्प्लेपोर्ट व्हर्जनचा पर्याय बंद आहे का ते बघा, आणि ती केबल मदरबोर्डमध्ये नाही ना हे परत एकदा तपासा (प्रश्न २४).